अर्धा मिरर

तालुक्याच्या गावचं एक सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी, दंड, सगळं ‘कोहा’ या मुक्त प्रणालीवर. ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी लिहिली गेली आणि ३ जानेवारी २००० रोजी तिथे सुरू झाली. आज ती जगभर पसरली आहे आणि डेबियन लिनक्सवर तिचा संसार बरा चालतो. आपल्या वाचनालयातही कोपऱ्यातल्या डब्यात डेबियनच आहे. डब्यात १ टीबीची एकच फिरती डिस्क, तीही सात वर्षांची. समितीने नव्या डिस्कला पैसे मंजूर केले आणि वादाला तोंड फुटलं.

एका बाजूला नाना. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या तेव्हापासून या नादाला लागलेले. दुसऱ्या बाजूला त्यांची पुतणी मीनल. ती पुण्यात नोकरी करते. तिच्या कामावरचे सर्व्हर सकाळी जन्मतात आणि गरज संपली की संध्याकाळी पुसले जातात. सुट्टीला गावी आली की तीही वाचनालयाचं काम बघते. नावं मी दिली आहेत, मतं मात्र या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीची वाटतील, कारण लिनक्सवाल्यांत हे दोन पंथच आहेत. एक म्हणतो, चालतं यंत्र मोडू नका, आहे तसं उचलून मिररवर ठेवा. दुसरा म्हणतो, कोऱ्या डिस्कवर नवं उभं करा आणि जुन्याला रजा द्या.

मीनल: नाना, आधी हे सांगा, मिरर हवाच कशाला? नवी डिस्क घ्या, सिस्टिम टाका, बॅकअप उतरवा, झालं. दोन डिस्कवर तेच ते लिहायची हौस कशाला?

नाना: हौस नव्हे गं. डिस्क सांगून जात नाही. २००७ साली ‘फास्ट’ परिषदेत गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी लाखाहून जास्त डिस्कचा हिशेब मांडला. गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक अशा होत्या, की तापमान सोडलं तर स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांच्या, एकाही आकड्यात आधी काही दिसलंच नव्हतं. म्हणजे तू रोज अहवाल वाचलास तरी तिनातली एक डिस्क तुला गाफील गाठणार. ती गेली की काउंटरवरच्या बाई वही काढणार आणि तू पुण्याहून येईपर्यंत वहीतच लिहिणार. मिरर असेल तर त्यांना कळणारसुद्धा नाही.

मीनल: तेच तर माझं दुखणं आहे, कुणालाच कळणार नाही. त्यावर नंतर येते. पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे तरी मान्य? कुणी चुकून सभासदांचं टेबल पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसलं जाणार.

नाना: ते मला शिकवू नकोस. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीतून रेडवरचा लेख लिहिला, तेव्हाही प्रश्न हाच होता: स्वस्त डिस्कचा ढीग लावला तर त्यातली कुठलीतरी सारखी मरत राहणार, मग काम थांबू द्यायचं नाही ते कसं? मिरर हा त्यातला पहिला स्तर. तोही त्यांचा शोध नव्हे, टँडेम कंपनीच्या यंत्रांत तो आधीपासून होता. काम चालू ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पुसलेलं परत आणणं हे बॅकअपचं.

मीनल: आणि आपला बॅकअप कुठे असतो?

इथे तिचा नेम बरोबर लागला. कोहाचं डेबियन पॅकेज रोज आपण होऊन डंप काढतं आणि ठेवतं कुठे, तर ‘व्हार’च्या आत ‘स्पूल’मध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर. त्या फोल्डरातल्या ताज्या तारखा बघून निश्चिंत झोपणाऱ्या संस्था थोड्याथोडक्या नसाव्यात. डिस्क गेली की मूळही गेलं आणि प्रतही. मिररचं काहीही होवो, तो डंप रोज दुसऱ्या यंत्रावर गेला पाहिजे, यावर दोघांचं एका मिनिटात जमलं. खरा वाद त्यानंतरचा.

मीनल: बरं, मिरर हवा. डेबियनचा इन्स्टॉलर आहेच ना? दोन कोऱ्या डिस्क लावा, तिथेच मिरर बनवा, सिस्टिम टाका, कोहा टाका, डंप उतरवा. तुम्हाला मात्र गॅसवर दूध उकळत असताना शेगडी बदलायची आहे.

नाना: दूध सांडणार नाही, ऐक. दोन डिस्कचा मिरर बनवताना दोन्ही डिस्क हजर असाव्या लागतात, असं कोण म्हणालं? लिनक्सवर मिरर बांधणाऱ्या एमडीॲडमला सांगायचं: स्तर एक, डिस्क दोन, पहिली ‘मिसिंग’, दुसरी ही नवी. तो निमूट मिरर बनवतो. अर्धा मिरर. एमडीस्टॅट उघडून बघ, चौकटी कंसात एक अंडरस्कोर आणि एक यू दिसेल. कर्नलच्या लेखी हा एक डिस्क मेलेला मिरर, आणि एक डिस्क मेल्यावरही चालत राहणं हेच तर त्याचं काम. इकडे जुनी डिस्क आहे तिथेच आहे. सिस्टिम तिच्यावरून चालू, काउंटर चालू. नव्या अर्ध्या मिररवर फाइल सिस्टिम बनवायची, माउंट करायची, सगळं कॉपी करायचं, बूट तिकडून करायचं. मग अगदी शेवटी जुनी डिस्क मोकळी करून रिकाम्या जागी बसवायची. कर्नल नव्या डिस्कवरून जुनीवर सगळं उतरवतो. अंडरस्कोरचा यू झाला की संपलं.

मीनल: युक्ती चांगली आहे.

नाना: जुनी आहे. नील ब्राऊनने २००१ मध्ये एमडीॲडम आणलं, त्याआधी रेडटूल्स होती. तेव्हा रेडटॅब नावाच्या फाइलीत जुन्या डिस्कपुढे ‘फेल्ड-डिस्क’ लिहून हेच करत होतो.

मीनल: आणि कमांड देताना अक्षर चुकलं तर? एसडीबीच्या जागी एसडीए पडलं तर?

नाना: माउंट असलेलं पार्टिशन तो घेतच नाही, ‘डिव्हाइस बिझी’ म्हणून दार लावतो. माउंट नसलेल्या पार्टिशनवर फाइल सिस्टिम दिसली तर विचारतो, इथे काहीतरी आहे, पुढे जाऊ का? पण शहाण्याने एसडीए, एसडीबी वापरूच नये. रीबूट झाल्यावर ही नावं अदलाबदल होऊ शकतात. ‘बाय-आयडी’ फोल्डरात सीरियल नंबर असलेली नावं असतात, ती वापरायची. तोच नंबर चिठ्ठीवर लिहून डिस्कच्या दिसणाऱ्या कडेला चिकटवायचा. पुढे कधी एक डिस्क मेली आणि घाईत तू चांगलीच उपटून काढलीस, तर मिररचा काय उपयोग?

मीनल: मग एवढी कॉपी तरी कशाला? जुन्या पार्टिशनलाच मिररचा अर्धा भाग म्हणून जाहीर करा की.

नाना: करणारे करतात. पण मिररला आपली ओळख डिस्कवर कुठेतरी लिहावी लागते, तो सुपरब्लॉक. आवृत्ती १.२ मध्ये तो पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबी आत, म्हणजे थेट तुझ्या फाइल सिस्टिमच्या अंगावर. १.० मध्ये तो शेवटी बसतो. म्हणून आधी फाइल सिस्टिम थोडी आखडून घ्यायची, शेवटी जागा करायची आणि मग १.० ने मिरर जाहीर करायचा. आता एक्स्ट४ माउंट असताना आखडत नाही, एक्सएफएसचं तर नावच नको. म्हणजे रेस्क्यू डिस्कवरून उठायचं आणि एकुलत्या एका प्रतीवर शस्त्रक्रिया करायची. कॉपीच्या वाटेने गेलं तर जुन्या डिस्कला शेवटपर्यंत बोटसुद्धा लागत नाही.

नानांची पद्धत टिकते ती या शेवटच्या वाक्यावर. कॉपी अर्धवट झाली, बूट करून देणारा ग्रब फसला, नवी डिस्क पहिल्याच दिवशी कुरकुरली, काहीही झालं तरी जुन्या डिस्कवरून उठून सकाळी काउंटर उघडता येतं. परतीचा रस्ता बंद होतो तो जुनी डिस्क मिररमध्ये घालायच्या एकाच कमांडने. तिच्याआधी धाडस करायला हरकत नाही, तिच्यापाशी मात्र थांबून पुन्हा मोजायचं. लोक बहुधा उलट वागतात. आधीच्या प्रत्येक पायरीला घाबरतात आणि शेवटची कमांड ‘आता झालंच’ म्हणून एका दमात मारतात.

मीनल: पण ‘चालू असताना’ ही तुमची जाहिरात आहे. मारियाडीबी लिहीत असताना तिच्या फाइली कॉपी केल्या तर एक फाइल दहा वाजताची आणि दुसरी दहा वाजून सात मिनिटांची. त्या दोघींचं आपसात जमणारच नाही.

नाना: म्हणून कॉपी दोनदा. पहिली दिवसाढवळ्या, आरसिंकने, सगळं चालू असताना. ती चुकीची असणार हे धरूनच करायची, ओझं मात्र तीच वाहते. मग रात्री वाचनालय बंद झालं की अपाची, मारियाडीबी, झेब्रा, क्रॉन थांबवायचे आणि आरसिंक पुन्हा. या वेळी फक्त बदललेलं जातं आणि पुसलेलं तिकडेही पुसलं जातं.

मीनल: म्हणजे बंद ठेवावं लागतंच.

नाना: थोडा वेळ, तोही रात्री.

मीनल: एलव्हीएम असतं तर तेवढाही लागला नसता. पीव्हीमूव्हने सगळं चालू असतानाच जुन्या डिस्कवरून मिररवर सरकवलं असतं, डेटाबेसला पत्ताही लागला नसता. बूटचं तेवढं वेगळं बघायचं.

नाना: असतं तर. सात वर्षांपूर्वी इन्स्टॉल करणाऱ्याने ‘सगळं एकाच पार्टिशनमध्ये’ या ओळीवर एंटर मारला.

मीनल: कोणी?

नाना: पुढचं ऐक. आरसिंकला नुसतं ‘ए’ देऊन भागत नाही. हार्डलिंक, एसीएल आणि जादा गुणधर्म सांभाळणारी तीन मोठी अक्षरंही लागतात, आणि एकाच फाइल सिस्टिमपुरतं राहायला सांगावं लागतं. नाहीतर तो ‘प्रॉक’ आणि ‘सिस’मध्ये शिरतो आणि नव्या मिररलाच नव्या मिररमध्ये कॉपी करायला बघतो. रूट आधी दुसरीकडे बाइंड-माउंट करायचं आणि तिथून कॉपी करायची, म्हणजे माउंटच्या खाली झाकलेले फोल्डरही येतात.

मीनल: यात अवघड काही नाही. अवघड आहे बूट.

बूट अवघड आहे यावर दोघांचं एकमत, पण कारणं वेगळी. नानांना त्यात कामाचा क्रम दिसतो. नव्या फाइल सिस्टिमचा यूयूआयडी नवा असतो, म्हणून कॉपी केलेल्या एफएसटॅबमध्ये जुना खोडून नवा लिहायचा. एमडीॲडमच्या कॉन्फिगरेशन फाइलीत मिररची ओळ घालायची. मग नव्या मिररमध्ये क्रूट करून इनिटरॅमएफएस नव्याने बनवायचं, कारण रूट माउंट व्हायच्या आधी मिरर जुळवणारा तोच, आणि त्याला मिररची माहितीच नसेल तर रूट सापडणार नाही. नंतर ग्रब. ग्रब २ ला १.२ चा सुपरब्लॉक वाचता येतो, त्यामुळे लिलोच्या काळातली ०.९० ची सक्ती आता उरलेली नाही.

मात्र यूईएफआयचं फर्मवेअर ग्रबइतकं शिकलेलं नसतं. त्याला कळतं ते फॅटमध्ये फॉरमॅट केलेलं छोटं ईएसपी पार्टिशन. लिनक्सचा मिरर त्याच्या गावीही नाही. काही लोक ईएसपीसुद्धा १.० च्या मिररवर ठेवतात. सुपरब्लॉक शेवटी असल्याने फर्मवेअरला ते साधं फॅटच वाटतं आणि काम निभावतं. पण फर्मवेअरने त्यातल्या एकावर आपण होऊन काही लिहिलं, तर दोन प्रतींत फरक पडतो आणि मिररला कळत नाही. नाना दोन्ही डिस्कवर वेगवेगळे ईएसपी ठेवतात, दोन्हींवर ग्रब बसवतात आणि फर्मवेअरच्या यादीत दोन्ही नोंदी करतात. मला हेच बरं वाटतं. दिसायला ओबडधोबड आहे, पण गोंधळ झाला तर कुठे बघायचं ते कळतं.

मीनल: एवढं सगळं केलंत, रीबूट केलंत, लॉगिन आलं. तुम्ही खूश. आणि सिस्टिम जुन्याच डिस्कवरून उठली असली तर?

नाना: फाइंडमाउंटने बघायचं, रूट एमडीवर आहे का.

मीनल: रूट एमडीवर असेलही, पण ग्रब जुन्या डिस्कवरचाच वाचला गेला असेल. ती डिस्क पुसली की पुढच्या रीबूटला काळा पडदा. तोही सहा महिन्यांनी, वीज गेल्यावर.

नाना: म्हणून जुनीची केबल काढून मशीन उठवायचं. त्याशिवाय पुढची कमांड द्यायची नाही.

मीनल: हे बघा नाना, इतक्या गाठी सोडवत बसण्यापेक्षा नवं उभं करणं बरं नाही का? सात वर्षांत डेबियनच्या आवृत्त्या एकीवर एक चढल्या आहेत. कुठली फाइल कुणी बदलली, कुठला क्रॉन कशासाठी आहे, कुणाला ठाऊक? हा सगळा गाळ तुम्ही आरसिंकने इमानेइतबारे नव्या डिस्कवर नेणार.

नाना: गाळ म्हणतेस त्यातच मासे असतात. समज, तू नवं उभं केलंस. डंप उतरवलास. सभासद आले, पुस्तकं आली, दंडसुद्धा आला. तू पुण्याला गेलीस. दुसऱ्या दिवशी कुणी आजोबा मराठी पुस्तक विचारतात. बाई शोधतात आणि निकाल काहीच्या बाही येतात. का? कोहाचा शोध चालतो झेब्रावर, आणि त्याची मूळची मांडणी रोमन अक्षरांच्या सोयीची. देवनागरीचे शब्द त्याने नीट ओळखावेत म्हणून आयसीयू लावावं लागतं. ते मी झेब्राच्या ‘डीफॉल्ट’ नावाच्या इंडेक्स फाइलीत हाताने लावलं. कोहाचा डंप डेटाबेस घेतो, या संस्थेपुरत्या सेटिंग्ज घेतो. ही सामाईक फाइल तो घेत नाही.

मीनल: हे कुठे लिहिलंय?

नाना: लिहायचं काय त्यात? मला माहीत आहे.

मीनल: म्हणजे तुमच्या पद्धतीने डिस्क बदलली, तर ही फाइल गुपचूप पुढे जाणार आणि तिची गरज आहे हे आणखी दहा वर्षं कुणाला कळणार नाही. एखाद्या दिवशी पावसाचं पाणी शिरून डबाच गेला, तर डंप हातात असूनही मराठी शोध परत येणार नाही. माझ्या पद्धतीने ही गोष्ट पहिल्याच दिवशी उघडी पडते.

नाना: पहिल्याच दिवशी, काउंटरवर, सभासदांसमोर.

मला या जागी दोघेही बरोबर वाटतात आणि दोघेही थोडे हट्टी. चालतं यंत्र उचलून नेणाऱ्याला सगळं टिकतं याचा आनंद असतो, पण त्यात काय काय टिकलं हे त्याला सांगता येत नाही. नव्याने उभारणाऱ्याला नेमकं तेच शोधायचं असतं, पण तो शोध दुसऱ्याच्या कामाच्या वेळेत लावतो. मीनलची पद्धत काउंटरच्या यंत्रावर चालवायची कुठे गरज आहे? तिच्या लॅपटॉपवर आभासी मशीनमध्ये कोरं डेबियन टाकावं, कोहा टाकावं, कालचा डंप उतरवावा आणि चार मराठी शब्द शोधून बघावेत. जे जे बिघडेल ते ते डंपच्या बाहेर राहिलेलं. मग नानांनी खुशाल चालतं यंत्र मिररवर न्यावं. शेवटच्या कमांडच्या आत हा प्रयोग झाला पाहिजे, अशी अट मीनलने घातली. नानांनी ती मानली, कारण तोपर्यंत त्यांनाही ‘इटीसी’मध्ये आणखी कुठे कुठे हात घातला होता हे आठवेनासं झालं होतं.

मीनल: आता ती शेवटची कमांड. तुम्ही जुनी डिस्क मिररमध्ये घालता. त्या क्षणी तिच्यावरची प्रत संपली. १ टीबी उतरायला सेकंदाला १५० एमबी धरले तरी दोनेक तास, काउंटर चालू असेल तर जास्तच. तेवढा वेळ अख्खं वाचनालय एका डिस्कवर, आणि ती कुठली, तर चार दिवसांपूर्वी खोक्यातून काढलेली. तुमच्याच गूगलच्या लेखात भरपूर काम पडणाऱ्या डिस्क पहिल्या काही महिन्यांत जास्त गेल्याचं दिसतं.

नाना: त्याच परिषदेत बियांका श्रोडर आणि गिब्सन यांचा लेख होता. हा गिब्सन तोच, १९८८ चा. त्यांना बालमृत्यूचा तसा मोठा परिणाम दिसला नाही. उलट डिस्क अपेक्षेपेक्षा लवकर झिजायला लागतात, असं दिसलं.

मीनल: मग तर आणखी वाईट. सात वर्षं झिजलेली डिस्क तुम्ही मिररचा दुसरा पाय म्हणून घेणार?

नाना: समितीने एका डिस्कचे पैसे दिलेत.

मीनल: दुसरीचे मी देते. दोन नव्या घ्या, वेगळ्या लॉटच्या. पहिलीवर अर्धा मिरर, कॉपी, बूट. मग जुनी काढा, तिच्या जागी दुसरी नवी लावा आणि ती मिररमध्ये घाला. जुनीला हात लावायची गरजच नाही. ती कपाटात ठेवा.

नाना काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी नव्या डिस्कवर आधी स्मार्टची लांबलचक चाचणी चालवायची का, असं विचारलं. एखादी गोष्ट पटली हे कबूल करायची ही त्यांची रीत. नुसतं कॉपी करून डिस्कचा वापरलेला भागच तपासला जातो, पण मिरर जुळताना कर्नल पहिली डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतो, रिकामी जागासुद्धा. मधला खराब सेक्टर सापडायचा तर तो चाचणीत सापडावा.

नाना: आणि पार्टिशन डिस्कच्या टोकापर्यंत ताणू नकोस. १ टीबीच्या डिस्क बहुतेक सगळ्या १,९५,३५,२५,१६८ सेक्टरच्या असतात, पण उद्या बदलीची डिस्क त्याहून तसूभर लहान निघाली तर मिरर तिला घेणार नाही. शेवटी शंभरेक एमबी सोड.

मीनल: सोडते. आता माझं मघाचं दुखणं. एक डिस्क मेली, मिरर चालू राहिला, काउंटर चालू राहिलं, बाईंना कळलं नाही. वर्षाने दुसरी मेली. हे कळायला हवं कुणाला?

नाना: एमडीॲडमचा पहारा असतो. तो मेल पाठवतो.

मीनल: कुणाला?

नाना: ‘रूट’ला.

मीनल: आणि ‘रूट’चं मेल कोण वाचतं?

मिरर घालून फसलेल्या बहुतेकांची गोष्ट या चार ओळींत संपते, असं मला वाटतं. ‘रूट’च्या जागी दोन खऱ्या माणसांचे पत्ते घालायचे आणि एमडीॲडमला चाचणीचं मेल पाठवायला सांगून ते खरोखर येतंय का बघायचं. पाच मिनिटांचं काम, आणि नेमकं तेच राहून जातं. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिररची तपासणी करतं, ती बंद करू नये. कुठे एका डिस्कवरचा सेक्टर वाचता आला नाही, तर दुसरीवरून तो वाचून पुन्हा लिहिला जातो. दोन्ही वाचता आले आणि वेगळे निघाले, तर खरा कुठला हे या मिररला सांगता येत नाही. त्यासाठी झेडएफएस किंवा बीटीआरएफएससारखी चेकसम ठेवणारी फाइल सिस्टिम लागते. मीनलला तिकडे वळायचं होतं. नाना म्हणाले, पुढच्या जन्मी.

त्यांनी स्वतः मात्र एक बारकी गोष्ट काढली, जी मीनलला ठाऊक नव्हती. घरगुती वापराच्या डिस्क खराब सेक्टरशी मिनिटभर, कधी त्याहून जास्त झगडत बसतात. कर्नलचा धीर मात्र ३० सेकंदांचा. तो सुटला की एका सेक्टरपायी अख्खी डिस्क मिररबाहेर काढली जाते. डिस्क ऐकत असेल तर स्मार्टसीटीएलने तिला ७ सेकंदांत हार मानायला सांगायचं. ऐकत नसेल तर कर्नलचाच धीर १८० सेकंदांपर्यंत वाढवायचा. ही सेटिंग वीज गेल्यावर विसरली जाऊ शकते, म्हणून दर बूटला पुन्हा लावायची.

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री काम करायचं ठरलं. राहिला स्वॅप.

मीनल: स्वॅप मिररच्या बाहेर. दोन्ही डिस्कवर निम्मा निम्मा, सारख्या प्राधान्याने. वेगही मिळेल.

नाना: आणि एक डिस्क गेली की तिच्यावर टाकलेली मारियाडीबीची पानं गेली, ती तिथेच कोसळली. मग मिरर घातला कशाला?

मीनल: मिररवर स्वॅप असला की महिन्याच्या तपासणीत मिसमॅचचा आकडा उगाच वर जातो. तो बघून कुणीतरी घाबरणार.

नाना: स्वॅपमुळे तो आकडा येऊ शकतो, हे मला माहीत आहे.

मीनल: तुम्हाला माहीत आहे.

नाना: बरं, देवघेवीच्या रजिस्टरशेजारी एक वही ठेवू. स्वॅप मिररवरच. आणि त्या वहीत लिही, मिसमॅच दिसला तर आधी स्वॅपचा विचार करा.

मीनल: मी नाही, तुम्ही लिहा. आयसीयूचंही लिहा, आणि ‘इटीसी’मधलं जे जे आठवेल ते.

नाना: पेन दे.